साथीच्या कादंबरीवरून वाचकांत जुंपते, तेव्हा कोणाचं खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या वाचनगटाने जीवघेण्या साथीवरची एक विज्ञान कादंबरी वाचली. तीत एक अनोळखी विषाणू लागण झालेल्या दहांतल्या नऊ जणांना दोन दिवसांत मारतो, तीन आठवड्यांत निम्मं जग संपतं, जमाव उपचार छावणीवर चालून जातो आणि शेवटी वाचलेल्या एका मुलीच्या रक्तातून औषध निघतं. वाचून झाल्यावर गटात चांगलीच जुंपली. एकाने "असला विषाणू असूच शकत नाही" म्हणून पुस्तक निकालात काढलं. दुसऱ्याला त्यातली माणसं पटली नाहीत, "लोक इतके अडाण्यासारखे वागत नाहीत." तिसरीला शेवट फार सोपा वाटला. नर्सच्या वहीतल्या याद्या आणि संरक्षक सूट काढण्याचा लांबलचक प्रसंग बहुतेकांनी नुसता चाळला. आणि एकीने ऐंशीव्या पानावर पुस्तक मिटलं ते मिटलंच. यात कोण बरोबर, असं तुम्ही विचारलंत.

मी वीसेक वर्षं साथींच्या तपासाचं काम केलं आहे. म्हणजे उद्रेक कुठून सुरू झाला, कोणाकडून कोणाला गेला, पुढचा रुग्ण कोण असेल, हे शोधायचं काम. तुमचं पत्र आल्यावर कादंबरी मिळवून वाचली, वहीचं प्रकरण दोनदा वाचलं. म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी विषाणूबद्दल. तुमच्या मित्राचा मुद्दा नेहमी ऐकू येतो: इतका मारक रोग पसरू शकत नाही, कारण रोगी पसरवायच्या आधीच मरतो. निष्कर्ष या पुस्तकापुरता बरोबर आहे, पण कारण अर्धवट आहे. देवी हा रोग लागण झालेल्यांतल्या सुमारे ३० टक्के लोकांना मारत असे आणि तरी तो शतकानुशतकं पसरत राहिला. उपचार न घेतलेला एचआयव्हीचा संसर्ग जवळपास प्रत्येकाला मारतो, पण त्याआधी अनेक वर्षं माणूस धडधाकट हिंडत असतो. रेबीजमध्ये लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणी वाचत नाही, तरीही त्याची साथ माणसामाणसांत पेटत नाही, कारण तो माणसाकडून माणसाकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा मृत्युदराचा आकडा एकटा काही सांगत नाही. विचारायचं ते हे: लागण झाल्यापासून माणूस आडवा होईपर्यंत किती दिवस जातात, आणि त्यातले किती दिवस तो दुसऱ्याला लागण देत फिरतो?

लेखक चुकलाय तो इथे. त्याचा नव्वद टक्क्यांचा आकडा मी मान्य करायला तयार आहे, दोन दिवसांचा नाही. हिशेब करून बघा. एक रुग्ण तिघांना लागण देतो आणि एका पिढीतून दुसऱ्या पिढीत, म्हणजे एका रुग्णाकडून त्याने लागण दिलेल्यांकडे, रोग जायला दोन दिवस लागतात, असं धरू. तीन आठवड्यांत साधारण दहा पिढ्या होतात. दहाव्या पिढीत रुग्ण किती? तीनचा दहावा घात, म्हणजे ५९,०४९. भयंकर आकडा आहे, पण तो एका गावाचा आहे, निम्म्या जगाचा नाही. त्याच दहा पिढ्यांत ४०० कोटींपर्यंत पोचायचं तर प्रत्येकाने नऊ जणांना लागण द्यायला हवी, आणि तीही दोन दिवसांत, ज्यांतला दुसरा दिवस तो अंथरुणात तडफडतो आहे. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना लागण देतो हे खरं. पण गोवराची एक पिढी पुरी व्हायला साधारण अकरा-बारा दिवस लागतात.

याच लेखकाने त्या विषाणूला दोन दिवसांऐवजी दोन आठवडे गुपचूप राहू दिलं असतं, मृत्युदर नव्वदवरून पाचवर आणला असता, तर माझी झोप उडाली असती. हे मी अंदाजाने बोलत नाही. एकाच कुळातले दोन विषाणू शेजारी ठेवून बघा. २००३ साली सार्सची ८,०९८ जणांना बाधा झाली आणि ७७४ माणसं गेली, म्हणजे दर शंभरात जवळजवळ दहा. हाँगकाँगच्या एका हॉटेलात राहिलेल्या आजारी डॉक्टरकडून तो इतर पाहुण्यांना लागला आणि त्यांच्याबरोबर व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडापर्यंत पोचला. जगाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरीही त्याच वर्षी जुलैत तो आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. कारण सार्सचा रुग्ण सर्वाधिक लागण देतो तो आजारपणाच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर तो रुग्णालयात असतो, आणि त्याला वेगळं ठेवलं की साखळी तुटते. २०१९ च्या अखेरीस आला तो त्याचाच भाऊबंद, मृत्युदराने कितीतरी सौम्य. पण तो लक्षणं दिसायच्या आधीच पसरायचा. त्याने घेतलेल्या बळींची नुसती नोंदलेली संख्या ७० लाखांच्या घरात आहे, आणि एकट्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सौम्य भावाने कडक भावाच्या हजारो पट माणसं नेली, ती एवढ्या एका फरकामुळे.

जाता जाता एक. तुमच्या पत्रात कोणीतरी म्हटल्याचा उल्लेख आहे की "विषाणू काळाबरोबर सौम्य होतात, मग शेवटी तो सौम्य व्हायला हवा होता." तसा नियम नाही. ऑस्ट्रेलियात १९५० मध्ये सशांचा बंदोबस्त करायला मिक्सोमाचा विषाणू सोडला, तेव्हा तो शंभरातले नव्याण्णव ससे मारायचा. काही वर्षांत कमी मारक वाण वरचढ ठरले हे खरं, पण ते मधल्या पायरीवर थांबले, निरुपद्रवी झाले नाहीत. आणि ससेही जास्त चिवट झाले. देवीचा मुख्य प्रकार शेवटपर्यंत मारकच राहिला. ती सौम्य होण्याची वाट कोणी बघितली नाही म्हणून १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर करता आलं.

आता माणसांबद्दल. या बाबतीत मी लेखकाच्या बाजूने आहे, आणि तुमच्या गटाशी मला थोडं भांडायचं आहे. जमाव छावणीवर चालून जातो, डॉक्टरांना "तुम्हीच रोग आणलात" म्हणतो, हे तुम्हाला अतिरंजित वाटलं. २०१४ साली गिनीमध्ये इबोलाची माहिती द्यायला एका गावात गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्यांत आरोग्य कर्मचारी होते, पत्रकार होते. आणि मराठी वाचकाला इतकं लांब जायलाही नको. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये सैनिक घरात घुसून झडत्या घेत, माणसांना ओढून नेत. त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्याकडे साथ हाताळण्यातली चूक म्हणून क्वचितच बघतो.

हे अडाणीपणातून होत नाही. गिनीतल्या माणसाने काय पाहिलं होतं, ते त्याच्या जागी उभं राहून बघा. अंगभर पांढरा सूट घातलेली, चेहरा न दिसणारी माणसं येतात, तुमच्या बहिणीला घेऊन जातात, आणि बहीण परत येत नाही. तिचं शेवटचं दर्शन नाही, प्रार्थना नाही, कुठे पुरलं तेही कळत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर आहे तेवढ्या पुराव्यावरून "तिथे गेलं की माणूस मरतं" हाच निष्कर्ष निघतो, आणि तो तर्काला धरून आहे. मोठी अडचण अशी की इबोलात मृतदेहही लागण देतो. प्रेताला आंघोळ घालणं, स्पर्श करणं यातून रोग पसरत होता. त्यामुळे सुरुवातीला पथकांनी अंत्यविधीच बंद पाडले, आणि लोक रात्री गुपचूप पुरू लागले. गाडं तिथेच अडलं. पुढे पद्धत बदलली. घरच्यांना सुरक्षित अंतरावरून चेहरा बघू द्यायचा, त्यांच्या धर्मगुरूंना प्रार्थना करू द्यायची, कबरीवर नाव लावायचं, आणि सूट चढवायच्या आधी पथकाने साध्या कपड्यांत जाऊन घरच्यांशी बोलायचं. सूट घालायच्या आधी आपला चेहरा दाखवायचा, ही एवढीशी गोष्ट. पण ती शिकायला फार माणसं खर्ची पडली. त्या साथीत २८,६०० हून अधिक जणांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक मृत्यू झाले.

लेखकाने जमाव बरोबर रंगवला, पण त्याला कारण दिलं ते नुसत्या अफवेचं. आधी काय घडलं होतं, ते एक पान तरी हवं होतं. ते नाही, म्हणून तुमच्या मित्राला ती माणसं कागदी वाटली. त्याच्या प्रतिक्रियेत तेवढं तथ्य नक्की आहे.

जिथे मला पुस्तक खोटं वाटलं, ती जागा वेगळी आहे आणि तुमच्यातल्या कोणालाच ती खटकली नाही. चौथ्या दिवशी शहरं जळतात, शेजारी शेजाऱ्याला लुटतो, परिचारिका वॉर्ड टाकून पळतात. मी जिथे जिथे काम केलं तिथे काही माणसं पळाली, ती घाबरलेली होती आणि मी त्यांना दोष देत नाही. पण राहिलेली माणसं नेहमी जास्त होती. पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच साथीत पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी इबोलाने गेले. धोका काय आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते कामावर येत राहिले. पुण्याच्या त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आजारी मुलाला उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ ला गेल्या. साथीच्या कादंबऱ्यांत अशा माणसांना इतकी कमी जागा मिळते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शेवटाकडे येते. "वाचलेल्या मुलीच्या रक्तातून औषध" ही कल्पना तुमच्या मैत्रिणीला भाबडी वाटली. तिला हे सांगा. १९९५ मध्ये काँगोतल्या किक्वित शहरात इबोलाची साथ आली होती. तीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातल्या पेशींपासून शास्त्रज्ञांनी एक अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारं प्रथिन, वेगळी केली, आणि ते रक्त लागण होऊन अकरा वर्षं उलटल्यावर घेतलेलं होतं. इतक्या काळानंतरही त्या शरीराला तो विषाणू आठवत होता. त्या अँटिबॉडीची चाचणी २०१८ मध्ये काँगोमध्येच, नव्या साथीत सुरू झाली. ती मिळालेल्यांत सुमारे ३५ टक्के रुग्ण दगावले. तुलनेसाठी दिलेल्या आधीच्या औषधावर हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत तिला औषध म्हणून मान्यता मिळाली.

म्हणजे कल्पना खरी आहे. भाबडेपणा आहे तो पुस्तकात औषध अकरा दिवसांत तयार होतं त्यात, आणि औषध मिळाल्यावर सगळेच उठून बसतात त्यात. खऱ्या औषधावरही तीनातला एक जण गेलाच. आणि वाचलेल्या माणसाचं रक्त म्हणजे हमखास उपाय, असंही नाही. कोविडमध्ये बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा जगभर दिला गेला, त्यासाठी नातेवाइकांनी रात्र रात्र फोन केले. पुढे ब्रिटनमध्ये ११,००० हून जास्त रुग्णांवर नीट चाचणी झाली तेव्हा दिसलं की प्लाझ्मा दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सारखंच होतं. ज्यांनी त्या रात्री फोन केले, त्यांच्यापैकी कोणी तुमच्या गटात असेल तर हा शेवट त्यांना फक्त सोपा वाटणार नाही, तो त्यांना दुखेल. कोणी चिडून बोललं असेल तर त्यामागे हे असू शकतं.

लशीच्या वेगाबद्दल मात्र लेखकाला दोष देऊ नका. कोविडच्या विषाणूची जनुकीय रचना २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये चाचण्यांबाहेर लसीकरण सुरू झालं. अकरा महिने. २०१९ मध्ये कोणी कादंबरीत हे लिहिलं असतं तर मी स्वतः समासात "अशक्य" असं लिहिलं असतं.

आता तुम्ही चाळलेली पानं. सूट काढायचा प्रसंग कोणीही वगळू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. लेखक कुठेतरी हे काम जवळून बघून आलाय, हे त्या दोन पानांत कळतं. सूट घालताना माणूस ताजा असतो. काढताना तो तासभर घामात भिजलेला, तहानलेला, थकलेला असतो, आणि सूटच्या बाहेरच्या बाजूवर रोग बसलेला असतो. समोर एक सहकारी उभा राहून एकेक पायरी मोठ्याने सांगतो आणि तुम्ही फक्त तेवढंच करायचं. क्लोरीनच्या पाण्यात हात धुवा. ॲप्रन. पुन्हा हात. टोप. पुन्हा हात. गॉगल काढताना डोळे मिटायचे, पुढे वाकायचं, मागचा पट्टा धरून गॉगल चेहऱ्यापासून दूर न्यायचा. नाक खाजत असतं, घामाचा थेंब ओठावर आलेला असतो, आणि हात तिकडे जाऊ द्यायचा नसतो. पहिल्यांदा सरावात मी हे केलं तेव्हा चौथ्या पायरीला माझा हात नकळत कपाळाकडे गेला. समोरच्या सहकाऱ्याने नुसतं "थांब" म्हटलं. सूटवर तेव्हा रोग नव्हता, रंगवलेलं पाणी होतं. तरी छातीत धस्स झालं ते आजही आठवतं. कादंबरीतली डॉक्टर नेमकी त्याच पायरीला चुकते, आणि लेखक ते एका अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जातो. तुम्ही चाळलंत तर तिचा मृत्यू अचानक आल्यासारखा वाटेल. तो सत्तर पानं आधी येऊन गेलेला आहे.

आणि वही. आम्ही तिला लाइन लिस्ट म्हणतो. एका ओळीला एक रुग्ण: नाव, वय, ताप कधी आला, पुरळ कधी उठलं, कोणाला भेटला, लस घेतली होती का. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत गोवराच्या एका उद्रेकात मी अशी यादी करत होते. पहिल्या घोळक्यात पाच मुलं. मग काहीच नाही. मग साधारण चोवीस दिवसांनी, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, आणखी सात. वरिष्ठांनी यादी बघितली आणि बोट त्या रिकाम्या मधल्या भागावर ठेवलं. गोवराची एक पिढी बारा दिवसांची. चोवीस दिवस म्हणजे मधली एक पिढी आपल्याला दिसलेलीच नाही. तिथे एक मूल आहे, आणि कोणीतरी ते सांगत नाहीये.

मी एका आईकडे तीनदा गेले. पहिल्या दोन वेळी तिने सगळी उत्तरं दिली, बहिणीचं घर सोडून. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं आणि ती सासरच्यांना न सांगता बहिणीकडे जाऊन आली होती, तापातल्या लेकराला कडेवर घेऊन. तिसऱ्या वेळी मी कागद पिशवीत ठेवला आणि नुसती बसले. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "नाव लिहिलंच पाहिजे का?" मी म्हटलं, नाव नको, घर दाखवा. बहिणीचं मूल तोवर बरं झालं होतं, पण त्याच्याबरोबर खेळलेल्या दोन तान्ह्या मुलांपर्यंत आम्ही वेळेत पोचलो.

तुमच्या कादंबरीतल्या नर्सच्या वहीत तेविसावी ओळ कोरी आहे. फक्त तारीख आहे, नाव नाही. पुढे तिचा खुलासा येत नाही, आणि तुमच्यातल्या एकाने ती छपाईची चूक ठरवली, असं तुम्ही लिहिलंय. ती तारीख आणि नर्स स्वतः आपल्या आईकडे जाऊन आली ती तारीख, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

ऐंशीव्या पानावर पुस्तक मिटणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला कोणी "अहो, गोष्टच तर आहे" म्हणालं असेल, तर तसं म्हणू नये. हिंदीतले कवी निराला यांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझात पत्नी आणि घरातली कितीतरी माणसं गमावली. त्याबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं ते सुमारे वीस वर्षांनी. लिहिणाऱ्याला इतका काळ लागला, तर वाचणाऱ्यालाही लागू शकतो. मी स्वतः २०२१ नंतर दोन वर्षं असं एकही पुस्तक हातात घेतलं नव्हतं. ऐंशीव्या पानावर काय आहे ते मी मुद्दाम पाहिलं. रुग्णालयाच्या दारात एक मुलगा बाबांचा चष्मा परत मागतोय आणि खिडकीतला माणूस यादीत नाव शोधतोय. तिला पुढचं वाचायचा आग्रह करू नका. पण ती आपणहून काही बोलली, तर गटाने त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून ते ऐकावं.